धाकूची टाकी पास झाली

समुद्रकाठच्या एका गावात धाकू गोताड नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं सगळं करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा. लहानपणी त्याने एकदा "का?" असं विचारलं होतं. त्याच्या चुलत्यांनी, म्हणजे तानूबाबांनी, त्याच्या कानाखाली वाजवली. पुन्हा धाकूने कोणाला काही विचारलं नाही. तानूबाबा देवळाच्या पायरीवर बसून गावातल्या पोरापोरींना धाकूचं उदाहरण द्यायचे. उलट बोलत नाही, फाटे फोडत नाही, मान खाली घालून ऐकतो. तानूबाबा गावातले जाणते होते. त्यांनी स्वतःही जन्मात कोणाला "का?" विचारलं नव्हतं.

धाकूची बायको शेवंती मात्र विचार करायची. तिने काजूच्या कारखान्यात बिया फोडून फोडून हात काळे केले आणि त्या कमाईतून घराला लागून एक खोली बांधली. चिऱ्याच्या भिंती, खाली टाइल्स, वर पंखा, खिडक्यांना डासांची जाळी. दिवाळीच्या सुट्टीत शहरातले लोक समुद्र बघायला येतात, त्यांना खोली द्यायची, माशाचं कालवण करून घालायचं आणि कारखान्याला कायमचा रामराम ठोकायचा, असं तिने ठरवलं होतं. तानूबाबांना हे पसंत नव्हतं. पाहुण्याकडून पैसे घेणं आपल्यात बसत नाही, असं ते म्हणाले. ते स्वतः सगळीकडे पाहुणे म्हणूनच जात, त्यामुळे त्यांना ते पटणं कठीणच होतं.

एकच अडचण होती. पाहुणे ठेवायचे तर संडासाची टाकी नियमात बसते असा दाखला लागतो. दाखला नाही तर पाहुणे नाहीत. पाहुणे नाहीत तर शेवंती परत काजूच्या धुरात.

तपासणीला तालुक्याहून मोहितेबाई आल्या. नोकरीत नव्या होत्या, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी पाहिलं तर टाकीतून निघालेलं पाणी गटारात चाललेलं. त्या धाकूला म्हणाल्या, की असलं काही उघड्यावर सोडणं कायद्यात बसत नाही. खड्डा खणा, तळाला दगड घाला, वर विटांचे तुकडे, वर वाळू, आणि सगळं जमिनीत मुरू द्या.

धाकूने मान डोलावली. ऐकण्यात तो कधी कमी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तानूबाबांच्या पणतूचं बारसं होतं. शेवंतीने पातेलंभर सोलकढी केली आणि धाकूच्या हाती पुढे पाठवली. धाकू अंगणात पोचला. पंगत अजून बसायची होती. पातेलं उघड्यावर ठेवायचं कसं? त्याने कुदळ मागून घेतली. खड्डा खणला. दगड घातले, विटा घातल्या, वाळू घातली आणि सोलकढी वरून सावकाश ओतली. पंगतीत भात वाढून झाला, तरी सोलकढी येईना.

"धाकू, कढी कुठंय?" तानूबाबांनी विचारलं.

"मुरली."

शेवंतीने कपाळाला हात लावला. घरी आल्यावर तिने त्याला नीट समजावलं, की असं काही नेलं तर पेल्यात घालून माणसाच्या हातात द्यायचं, गोड हसायचं आणि जरा चाखून बघा म्हणायचं.

"बरं," धाकू म्हणाला. "पुढच्या वेळी."

शेवंतीने गवंडी लावून टाकीचा शोषखड्डा करून घेतला. मोहितेबाई पुन्हा आल्या. खड्डा पाहून त्या खूश झाल्या. आता टाकीतून बाहेर पडणारं पाणी तपासायला न्यायचं होतं. त्यांनी पिशवीतून बाटली काढेपर्यंत धाकू घरातून स्टीलचा पेला घेऊन आला. पेला भरला. बाईंच्या हातात दिला. गोड हसला.

"जरा चाखून बघा."

मोहितेबाई कुंपणापर्यंत मागे गेल्या. तिथूनच त्यांनी धाकूला बजावलं, की ही भलतीच घातक वस्तू आहे. माणसाला जवळ फिरकू द्यायचं नाही. कुलूप घाला आणि वर पाटी लावा, धोका, जवळ येऊ नका.

"बरं," धाकू म्हणाला. "पुढच्या वेळी."

पुढची वेळ लगेचच आली. शेवंती मासे आणायला बंदरावर गेली होती. इतक्यात एक मोटार थांबली. कोल्हापूरचे नवराबायको होते, खोली आवडली तर सगळी दिवाळी इथेच काढणार होते. धाकूने माणसं येताना पाहिली. त्याने पळत जाऊन खोलीला कुलूप घातलं. पाटी रंगवायला वेळ नव्हता, म्हणून कोळशाने दारावरच लिहिलं. मग पायरीवर आडवे हात करून उभा राहिला.

"आत काय आहे हो?" कोल्हापूरच्या बाईंनी लांबूनच विचारलं.

"भलतंच घातक आहे," धाकू म्हणाला. "तालुक्याच्या बाई सांगून गेल्यात."

शेवंती परत आली तेव्हा मोटारीची धूळसुद्धा खाली बसली होती. त्या दिवशी तिने धाकूला जेवायला वाढलं, पण ती स्वतः जेवली नाही. त्याच्यासमोर बसून ती हळू आवाजात बोलली. "अहो, एवढी एक खोली आहे माझी. ऐका. दारात गाडी आली की माणूस दमलेला असतो. त्याला चहाला आत बसवायचं. आणि त्याचं ओझं आपण उतरवून घ्यायचं, सगळं, काही गाडीत ठेवायचं नाही. खोलीत नेऊन ठेवायचं. कळलं?"

"कळलं," धाकू म्हणाला. "पुढच्या वेळी."

शेवटच्या तपासणीचा दिवस उजाडला. मोहितेबाईंबरोबर त्यांचे मोठे साहेब येणार होते, दाखल्यावर सही त्यांचीच. साहेब येण्याआधी टाकी उपसून ठेवायची होती, आणि तीही कोणीही उपसून चालत नाही, सरकारी परवान्याची गाडी लागते. म्हणून शेवंतीने मैला उपसणारी टँकरगाडी सांगितली होती. गाडी शेजारच्या वाडीतल्या टाक्या उपसून आली. ड्रायव्हरने जाड पाइप टाकीपर्यंत ओढून ठेवला आणि कंबर धरली. चढावर गाडी ओढतच नाही, म्हणाला, ओझं फार झालंय.

धाकूचे डोळे चमकले. त्याने ड्रायव्हरला चहाला आत बसवलं. शेवंती स्वयंपाकघरात साहेबांसाठी पोह्यांना फोडणी देत होती. तिने ड्रायव्हरला बशी दिली आणि धाकू पाहुण्याशी चांगला वागतोय हे पाहून तिला जरा बरंही वाटलं.

धाकूने पाइपचं टोक उचललं. खोलीची खिडकी उघडली. गाडीची कळ फिरवली आणि ओझं उतरवून घेतलं. सगळं. गाडीत काही ठेवलं नाही.

वास आधी आला, मग साहेब आले. साहेबांचे निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि कायदा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि खिडकीतून आत पाहिलं.

"ही टाकी ना?"

शेवंती धावत बाहेर आली. ही टाकी नाही, ही पाहुण्यांची खोली आहे, टाकी पलीकडे आहे, असं ती रडत रडत सांगू लागली. साहेब शांतपणे म्हणाले, की बाई, कायद्यात भावनेला जागा नाही. ज्यात मैला साठतो ती टाकी. मोहितेबाई काही बोलायला गेल्या. साहेब त्यांना म्हणाले, तुम्ही नवीन आहात.

मग त्यांनी फीत काढली. खोलीच्या मागे काही पावलांवर घरची विहीर होती. साहेबांनी अंतर मोजलं आणि मान हलवली. जाळी आहे, दार घट्ट आहे, बांधकाम तर फारच उत्तम, पण विहीर टाकीच्या इतकी जवळ चालत नाही. मधलं अंतर वाढवा, आठवड्याने येतो. हे त्यांनी धाकूला सांगितलं, कारण घरातला पुरुष तोच होता.

"बरं," धाकू म्हणाला.

ड्रायव्हरने मैला परत ओढून घेतला. शेवंती खोली धुवायला माणसं हवीत म्हणून माहेरी भावांना आणायला गेली. धाकू खोलीभोवती एक फेरी मारून आला. चिऱ्याची खोली काही हलण्यासारखी नव्हती. रस्त्याच्या कामाचे मातीचे डंपर गावात फिरत होतेच. माती कुठे टाकायची ते त्यांनाही कोणीतरी सांगायला हवं होतं. तानूबाबा आयुष्यात पहिल्यांदा पायरीवरून उठून मदतीला आले. वरिष्ठांनी सांगितलंय म्हणजे काहीतरी असेलच, असं म्हणून ते डंपरला हाताने खुणा करत राहिले, अजून घे, अजून घे.

आठवड्याने शेवंती भावांना घेऊन परत आली, त्याच दिवशी साहेबही आले. विहिरीच्या जागी सपाट अंगण होतं आणि धाकू त्यावर शेणाने सारवत होता. साहेबांनी फीत काढली, चारी दिशांना फिरले आणि समाधानाने फीत गुंडाळली. जवळपास विहीर आढळली नाही. त्यांनी तिथेच दाखला लिहून सही केली. मैल्याची टाकी, चिऱ्याची, एक दार, दोन खिडक्या, पंख्यासह, उत्तीर्ण.

दाखला शेवंतीच्या हातात देऊन साहेब ओट्यावर टेकले. काम झालं बाई तुमचं, म्हणाले, आता मस्त चहा टाका.

शेवंतीने दाखला वाचला. मग ती आत गेली, रिकामी कळशी घेऊन आली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"टाकते," ती म्हणाली. "तेवढं विहिरीवरनं पाणी आणा."

साहेब कळशी घेऊन उठले. धाकू वाट दाखवायला पुढे झाला.