हाक विसरलेलं घर

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत मेंढपाळांचं एक गाव होतं. लहानांनी ऐका, थोरांनीही ऐका. थोरांनी जरा जास्त कान देऊन ऐका, कारण माझा राग तुमच्यावरच आहे.

त्या गावात प्रत्येक घराची आपली एक हाक होती. कुणाची लांबलचक, कुणाची तुटक, कुणाची जिभेवर घोळवून सोडलेली. एका घराची मेंढरं दुसऱ्या घराच्या हाकेला मान वर करत नसत. संध्याकाळी मेंढरं माघारी आली की घरातलं मोठं माणूस त्यांना कोंडायच्या कुंपणाच्या, वाडग्याच्या तोंडाशी उभं राही, शेजारी पोर. आधी मोठ्या माणसानं हाक द्यायची, मागोमाग पोरानं द्यायची. असं रोज, दोन-तीन वर्षं. मग एके दिवशी नुसत्या पोराच्या आवाजावर मेंढरं वळत, आणि त्या दिवशी घरात गोडधोड शिजे.

एकदा एक परका माणूस गाढवावर आरसे लादून आला. त्या आरशात आपलं तोंड दिसत नसे. दिसत दुसऱ्यांच्या जत्रा, दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची भांडणं, दुसऱ्याच्या ताटातलं जेवण.

"याचं काय द्यायचं?" लोकांनी विचारलं.

"काही नको. नुसतं बघत राहा," तो म्हणाला.

फुकटची वस्तू. गावानं हातोहात नेली. पोर रडलं, दे आरसा. पोर जेवेना, धर आरसा समोर. बाया एकमेकींना सांगायच्या, "बरं झालं बाई, दिवसभर पदर ओढत नाहीत."

वर्षभरात पोरांचे डोळे लाल झाले. हाक मारली तरी ओ देईनात. मग मोठी माणसं पारावर जमली आणि त्यांनी नियम केला. पोरांनी जेवताना आरसा घ्यायचा नाही, अंथरुणात घ्यायचा नाही, आणि ऊन कललं की हातच लावायचा नाही. नियम चांगला होता. त्याला मी नावं ठेवत नाही.

एका घरात नवरा, बायको आणि त्यांची आठ वर्षांची पोर होती. बापानं तिला नियम सांगितला, तेव्हा त्याचा आरसा त्याच्या मांडीवरच होता आणि एक डोळा त्यात होता.

"आबा, हा नियम कुणाला?"

"पोरांना."

"मग मोठ्यांना कुठला?"

"उलट बोलणाऱ्या पोरांना झोडपायचा," आई चुलीपासून म्हणाली. तिचीही नजर आरशातच होती. तव्यावरची भाकरी करपत होती.

पोर गुणी. तिनं आपला आरसा फळीवर ठेवला. ऊन कललं की ती वाडग्याच्या तोंडाशी जाऊन उभी राही.

"आबा, हाक शिकवता ना?"

"एवढं बघून घेतो. आलोच."

दुसऱ्या दिवशीही एवढंच. तिसऱ्या दिवशीही एवढंच. त्या एवढ्याशात एक वर्ष गेलं, मग दुसरं गेलं. आरसा काढून घेतलात ना पोरीच्या हातातला? मग त्या रिकाम्या हातात काय दिलंत? ती उभी राहिली, आणि तुम्ही बघत राहिलात.

मेंढरं आत आणायचं काम आता एकटा कुत्रा करी. म्हातारा होता, स्पष्ट बोलायचा. एक दिवस तो मालकाला म्हणाला, "मी त्यांना मागून हाकलतो. ती मला भिऊन पळतात. पुढून बोलावणारं कुणीतरी पाहिजे, मालक."

मालकानं त्याला लाथ घातली, आरशावरची नजर न काढता. नेम मात्र चुकला नाही.

मग उन्हाळ्यात, भर दुपारी, डोंगराला वणवा लागला. पोर मेंढरांपाशी होती. ती धावत घरी आली, बापाला ओढत घेऊन गेली. अजून वेळ होता. मेंढरं गवतात दाटीनं उभी होती, त्यांच्या पाठीमागं आग होती, आणि पुढं चाळीस पावलांवर उघडा खडक होता. तिथं गवताची काडी नव्हती. चाळीस पावलं चालून आली असती तर सगळी वाचली असती.

बापानं हाक दिली. बरोबर दिली. पण कळपातली निम्मी मेंढरं त्या दोन वर्षांत जन्मलेली, त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती, आणि उरलेली ती विसरून गेली होती. एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, आणि परत खाली घातली.

"पोरी, तू दे हाक," बाप म्हणाला.

"मला कुठं येते, आबा," ती म्हणाली. रागानं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

कुत्रा धावला. पण मागं आग, त्याला मागं जायला जागाच नव्हती. तो पुढून भुंकला, आणि मेंढरं त्याला भिऊन मागं सरली. आगीत.

पोरीच्या दोन हातांत दोन कोकरं मावली. तेवढीच वाचली.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. सगळ्यांत म्हातारा म्हणाला, "पोरांचं लक्ष नाही म्हणून हे झालं. नियम आणखी कडक करा. पोरांचे आरसे फोडून टाका."

तेव्हा तो बाप उठला. अंगाला अजून धुराचा वास होता. "माझ्या पोरीनं नियम पाळला," तो म्हणाला. "रोज येऊन उभी राहायची. नव्हतो तो मी." आणि त्यानं आपला आरसा पाराच्या दगडावर आपटला. मग त्यानं बाकीच्यांकडं पाहिलं. कुणी मान खाली घातली, तर कुणी आरशात.

त्या घरात पुढं दोन कोकरांपासून कळप उभा राहिला. त्याला बारा वर्षं लागली, आणि त्यातली पहिली तीन बापलेकीनं वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून काढली. बाकीच्या घरांत नियम तेवढा राहिला. तिथली मेंढरं काठीनं हाकतात, आणि पोरंही.

बोध एवढाच: जो नियम मोठी माणसं स्वतः पाळत नाहीत, आणि ज्यानं काढून घेतलेल्या वस्तूच्या जागी आपला वेळ देत नाहीत, तो नियम नव्हे, ती नुसती दांडगाई.