वाघ दिसणारी जागा

एका नामांकित जंगलाच्या वेशीला लागून तुरीचं एक शेत होतं, आणि त्या शेतात एक सशीण आपल्या नवऱ्याबरोबर आणि दोन पिल्लांबरोबर सुखानं नांदत होती. सुखानं म्हणजे, नवरा गप्प असेल तेव्हा! ससा काही वाईट नव्हता हो. पण त्याचे कान मोठे, आणि शेताच्या बांधावरूनच जंगलाचा रस्ता. त्या रस्त्यानं रोज जीपगाड्या जायच्या आणि आतली माणसं एकच विषय काढायची, "वाघ दिसेल ना? कुठं मुक्काम केला म्हणजे वाघ दिसतो?" जाताना तेच, येतानाही तेच. ऐकून ऐकून सशाच्या डोक्यात वाघानं घर केलं. आपण जंगलाच्या इतक्या जवळ राहतो आणि अजून वाघ पाहिला नाही, याची त्याला चक्क लाज वाटू लागली. आता मुलांनो, सशानं वाघ पाहिला नाही म्हणून आजवर कोणाचं काही अडलंय का? पण खूळ एकदा डोक्यात शिरलं की शिरलं.

त्यात तूर निघाली. शेत बोडकं झालं, लपायला आडोसा उरला नाही आणि वर घारी घिरट्या घालू लागल्या.

"नवं पीक उभं राहीपर्यंत कुठंतरी जाऊन राहायला हवं," सशीण म्हणाली.

ससा टुणकन उडाला. "मग जंगलातच जाऊ! सगळं जग तिथं राहायला येतं. आपणच काय पाप केलंय?"

सशिणीला जंगलाची भीती वाटत होती, पण घारींच्या नजरेखाली पिल्लं ठेवायची त्याहून जास्त वाटत होती. "चला," ती म्हणाली, "पण एक सांगून ठेवते. मला वाघ नको नि सिंह नको. पिल्लं निर्धास्त निजतील अशी जागा हवी." तिनं कोणी मदत केली तर द्यायला हरभऱ्याचे चार घाटे बरोबर घेतले, आणि मंडळी निघाली.

जंगलात शिरल्यावर आधी लागली एक खडकाळ चढण. दगडांच्या मधोमध घाणेरीची दाट, काटेरी जाळी होती आणि जाळीच्या तोंडाशी एक म्हातारं साळिंदर मूळ कुरतडत बसलं होतं.

"मामा, इथं राहायला जागा मिळेल का?" सशिणीनं विचारलं.

"मिळेल की," साळिंदर वर न बघताच म्हणालं.

"इथून काय काय दिसतं?" हा अर्थातच ससा.

"दगड."

"आणखी?"

"काटे. आणि मान वळवलीस तर मी."

"आणि वाघ?"

"वाघ इकडं फिरकत नाही. त्याला काटे आवडत नाहीत. माझे तर मुळीच नाहीत."

सशिणीनं जाळीत डोकं घालून पाहिलं. आत गारवा होता, कोरडी माती होती, आणि वरून घारीचीच काय, उन्हाचीही नजर पोचत नव्हती. तिला जागा मनापासून आवडली. सशानं मात्र नाक मुरडलं. "अगं, इतक्या लांब आपण दगड बघायला आलो का? दगड आपल्या बांधावर कमी आहेत?"

तेवढ्यात वरच्या सागावरून आवाज आला, "पाहुणे दिसताय!" तांबूस अंगाचा, काळ्या डोक्याचा, लांब शेपटीचा एक टकाचोर पक्षी फांदीवर झुलत होता. त्याच्या बोलण्यात अशी साखर, की मुंग्या लागाव्यात. "या काट्याकुट्यात कुठं राहताय? तळ्याकाठची जागा बघा तरी! मऊ गवत, मोहाची सावली, समोर पाणी. आणि ऊन कललं की वाघीण आपल्या बछड्यांना घेऊन येते. रोज!"

"सहकुटुंब?" सशाचे कान ताठ झाले. "आणि दिसते का नीट?"

"म्हणजे काय! तिथून जितक्या जवळून दिसते तितक्या जवळून तुम्ही जन्मात पाहिली नसेल."

सशीण पुढं आली. "पण भाऊ, ती आम्हाला काही करणार नाही ना? बरोबर लेकरं आहेत."

"छे हो, वहिनी! ती सांबर मारणारी. सशाकडं ती ढुंकूनसुद्धा बघत नाही."

ससा तर निघालाही. साळिंदर एवढंच म्हणालं, "बघा बाबा तुमचं तुम्ही," आणि पुन्हा कुरतडू लागलं. सशीण जाळीकडं वळून वळून बघत नवऱ्यामागं गेली. परक्या ठिकाणी चारचौघांत काय वाद घालायचा, असं तिला वाटलं.

जागा खरंच सुरेख होती, खोटं कशाला बोला? गवत लुसलुशीत, पाणी निळंशार, मोहाच्या फुलांचा गोड वास. पिल्लं लोळायला लागली. सशिणीलाही जरा बरं वाटलं. तिनं घाटे काढून टकाचोरापुढं ठेवले. "घ्या भाऊ. आमच्यासाठी एवढे कष्ट घेतलेत."

टकाचोर दोन पावलं मागं सरकला. "अहो, नको नको! मी कोणाकडून काही घेत नाही. पाहुणे नीट बसले की माझं पोट भरलं."

"बघ!" ससा बायकोला म्हणाला. "असा निःस्वार्थी प्राणी दिवा घेऊन शोधलास तरी सापडायचा नाही."

सशीण 'हो' म्हणाली खरी, पण तिच्या मनाला ते काही पटेना. ती शेतात वाढलेली. तिनं पाहिलं होतं, बगळा नांगरामागून चालतो तो काही नांगराच्या प्रेमापोटी नाही, मातीतून किडे वर येतात म्हणून. मैना म्हशीच्या पाठीवर बसते, तिचंही तेच. मग या टकाचोराला आपल्याकडून काय मिळतं? घाटेसुद्धा नको म्हणाला!

ऊन कलायला लागलं तसा मोहाच्या झाडावर आणखी एक टकाचोर येऊन बसला. मग दुसरा. मग एक जोडपं आलं. मग कोणाची तरी आत्या आली. सगळे ओळीनं फांदीवर टेकले, एकमेकांना 'सरका जरा' म्हणाले आणि खाली बघत बसले. सशिणीला वाटलं, अगदी लग्नातल्या पंगतीसारखेच बसलेत की! पंगत बसली, म्हणजे आता वाढायला येणार. पण वाढणार काय? खाली तर नुसतं गवत. गवत, आणि आपण.

तेवढ्यात फांदीवरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बछडी अजून शिकाऊच आहेत बाई. त्यांना लहानसहानच धरता येतं, आणि खाताना सांडलवंड फार करतात."

"करू देत की," शेजारीण म्हणाली. "तेवढंच आपल्याला जास्त."

सशिणीला सगळं कळून चुकलं. वाघीण सशाकडं बघत नाही, हे खरंच होतं. पण बछड्यांबद्दल टकाचोर अवाक्षर बोलला नव्हता! आणि तिची पिल्लं त्या फांदीच्या बरोबर खाली एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही. पाण्याकडं तोंड करून, मिशा चाटून-पुसून बसलेल्या नवऱ्याजवळ ती हळूच गेली.

"अहो, वर बघा. काय दिसतंय?"

"टकाचोर. बरीच मंडळी आलीत. त्यांनाही वाघ बघायचा असेल."

"पंगत बसलीय ती. आता पान कुठं मांडलंय ते शोधा बरं."

सशानं वर पाहिलं, खाली पाहिलं, पिल्लांकडं पाहिलं. एवढ्या मोठ्या कानांना जे ऐकू आलं नव्हतं ते त्याला आता दिसलं. त्याची पाचावर धारण बसली. "अगं आई गं," तो पुटपुटला. "आता काय करायचं?"

"तुम्ही फक्त गप्प राहायचं," सशीण म्हणाली, आणि पिल्लांना पुढं घालून चालायला लागली.

टकाचोर झपकन खालच्या फांदीवर आला. "वहिनी, आता कुठं? आता तर वाघीण यायची वेळ झाली!"

"लेकरांना परसाकडं न्यायचंय, भाऊ," सशीण म्हणाली. "एवढी छान जागा तुम्ही दाखवलीत, ती घाण करायची का?"

"मग लेकरंच जाऊ द्यात. भाऊसाहेब थांबतील ना?"

"त्यांचंही पोट बिघडलंय. माझंही. पाणी बदललं की आमच्याकडं असंच होतं."

"लवकर या हं," टकाचोर म्हणाला आणि शेपटी हलवत बघत राहिला.

मोहाच्या सावलीतून बाहेर पडेपर्यंत सशीण अगदी रमतगमत चालली. पुढं वाळलेलं उंच गवत लागलं तशी मात्र चौघांनी धूम ठोकली. निम्मं गवत ओलांडलं असेल नसेल, एवढ्यात डोंगराकडच्या झाडावरून वानर खेकसलं. वाघीण निघाली होती, आणि ती नेमकी याच गवतातून पाण्याकडं येत होती! पळायला वेळ उरला नव्हता. सशिणीनं एक पिल्लू पोटाखाली घेतलं, सशानं दुसरं, आणि दोघं जमिनीला चिकटून पडले.

गवत सळसळलं. वाघीण अगदी जवळून गेली, तिच्या अंगाचा उग्र वास सशिणीच्या नाकात भरला. मागून एक बछडा गेला. दुसरा मात्र थांबला. त्यानं नाक वर केलं, हुंगलं आणि गवतात एक पाऊल टाकलं. सशिणीनं देवाचं नाव घेतलं. पोटाखालच्या पिल्लाचं काळीज धडधडताना तिला जाणवत होतं.

आणि तेवढ्यात मोहाच्या झाडावर एकच गलका उठला! वाघीण आली आणि पान गायब, हे टकाचोरांच्या ध्यानात आलं होतं. "कुठं गेले? तू सोडलंसच कसं? आता आम्ही उपाशी परत जायचं का?" सगळी पंगत आपल्या त्या सोयऱ्यावर तुटून पडली होती. आरडाओरडा, टोचाटोची, पिसं उडतायत! बछड्याला तो तमाशा हुंगण्यापेक्षा कितीतरी मजेचा वाटला. त्यानं गवत सोडलं आणि टणाटण उड्या मारत झाडाकडं पळाला.

सशाचं कुटुंब जे उठलं ते खडकाळ चढणीपर्यंत थांबलं नाही. साळिंदर अजून जाळीच्या तोंडाशी मूळ कुरतडतच होतं. ससा धापा टाकत सरळ आत घुसायला निघाला, पण सशिणीनं त्याला अडवलं. ती पिल्लांना घेऊन बाहेरच उभी राहिली.

"मामा, आधी एक सांगा. आम्ही इथं राहिलो तर यात तुमचं काय?"

"अगं, असं विचारतात का कोणाला?" ससा ओशाळून म्हणाला.

साळिंदराला मात्र राग आला नाही. कुरतडणं थांबवून त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "आता मला कमी ऐकू येतं, पोरी. त्यात मूळ कुरतडताना कानाशी ढोल वाजला तरी कळत नाही. बिबट्या भर दिवसा जवळ आला तरी मी आपला चावतोच आहे! तुमचे कान चांगले. कोणी आलं तर पाय आपटा, मी काटे फुलवून दारात उभा राहीन. तुम्ही जगलात-वाचलात तर माझ्या उपयोगाचे. मेलात तर माझ्या काय कामाचे?"

सशिणीचा जीव भांड्यात पडला. तिनं पिल्लांना आत ढकललं आणि स्वतः मऊ मातीवर अंग टाकलं. मघापासून दाबून धरलेलं रडू आता आलं, आणि त्यातच तिला हसूही फुटलं. ते काही केल्या थांबेना. तिला हसताना बघून पिल्लंही कारण नसताना खिदळायला लागली.

"अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "एवढ्या जवळून गेली. कशी होती हो वाघीण?"

सशानं कान पाडले. मग हळूच म्हणाला, "मला काय ठाऊक? मी डोळे मिटून घेतले होते."

"बरं केलंत," सशीण म्हणाली. बाहेर साळिंदर पाठीचे काटे खळखळवत दारात आडवं बसलं. दोन्ही पिल्लं तिच्या कुशीत खिदळता खिदळता झोपी गेली.

तात्पर्य : मुक्कामाची जागा किती छान आहे हे मागाहून पाहावं, ती सुचवणाऱ्याचं पोट कशावर भरतं, ते आधी पाहावं. आपण सुखरूप राहण्यातच ज्याचं भलं आहे, तोच शेजारी खरा.