कडेचं प्यादं

"म्हणजे माझी बुद्धी त्या यंत्रानं खाल्ली, असंच ना अण्णा?"

असं विचारत त्रिशलानं बुद्धिबळाच्या मोहऱ्यांची लाकडी पेटी पायगोंडा अण्णांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आदळलीच.

जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, ओसरीवर अण्णा खांबाला टेकून बसले होते. दुपारची वेळ, देवळात चिटपाखरू नव्हतं. गावातल्या निम्म्या लोकांना बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं, याच ओसरीवर. त्रिशला त्यांची सगळ्यांत हुशार शिष्या, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

दर रविवारी ती न चुकता यायची आणि अण्णांना हरवून जायची. मोबाईलमधलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बरोबर चाल सांगणारं यंत्र, रात्री जे दाखवी, ते ती सकाळी अण्णांच्या पटावर उतरवी. अण्णा हरायचे, "छान" म्हणायचे आणि पट गुंडाळून ठेवायचे.

परवा राज्य स्पर्धेत मात्र ती पहिल्याच फेरीत हरली. तेही एका नवख्या मुलीकडून.

"पेटी कशाला आणलीस?"

"परत द्यायला. तुम्ही दिली होती... मी आता खेळणार नाही."

अण्णांनी पेटी जवळ ओढली. उघडली. मोहरी एकदा हातानं चाळवली.

"बरं. पण परवा काय झालं ते मांड की."

तिनं भराभर पट मांडला. दोन्ही बाजूंच्या चाली तीच करत गेली. हात थांबत नव्हते, डोळे तर पटाकडे नव्हतेच. मग एका जागी थांबली.

"इथपर्यंत सगळं पाठ होतं. आणि इथं तिनं हे केलं."

काळ्याचं अगदी कडेचं प्यादं तिनं एक घर पुढे सरकवलं.

अण्णा वाकून बघत राहिले.

"हे? हे कशाला?"

"कशालाच नाही! चूक आहे ती चाल. साफ चूक. नंतर इंजिननं पापणी लवायच्या आत दाखवलं."

"मग तू हरलीस कशी?"

"मी बरोबर चालींची तयारी केली होती."

अण्णांना हसू आलं. ते त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं, पण तिला दिसलंच.

"हसू नका हो. मी तिथं दगडासारखी बसले होते. घड्याळ पळत होतं, आणि मला काही सुचत नव्हतं. काहीच... लहानपणी किती सुचायचं मला, अण्णा." तिचा आवाज फुटला. बिचारी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

अण्णांनी तिला रडू दिलं.

मग तिनंच नाक पुसलं आणि विचारलं, "फेकून देऊ का मोबाईल?"

अण्णांनी कोपरीच्या खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि तिच्यापुढे धरला. तेच इंजिन होतं.

"तुम्ही? तुम्ही खेळता याच्याशी?"

"रोज संध्याकाळी."

"आणि?"

"आणि काय! रोज मार खातो. लई भारी खेळतंय ते."

"मग तुमची बुद्धी नाही खाल्ली त्यानं?"

"तू त्याला विचारतीस. मी त्याच्याशी भांडतो."

मोबाईल खिशात गेला. अण्णा मांडी घालून सरळ बसले.

"चल. त्या पोरीच्या जागी मी. चाल तुझी आहे."

त्रिशलाचा हात लगेच घोड्याकडे गेला. अण्णांनी घोड्यावर आपला तळवा ठेवला.

"हाच का?"

"इंजिननं तोच दाखवला."

"का दाखवला?"

"माहीत नाही."

"मग असू दे त्याला तिथंच. तुला काय वाटतंय?"

"मला? मला वाटून काय उपयोग, अण्णा? चुकेल."

"चुकू दे की."

अण्णांनी हात काढून घेतला.

त्रिशला पटाकडे बघू लागली. आधी रागानं, मग लक्ष देऊन. ओसरीवरचं ऊन पायरीपाशी गेलं. देवळाचे पुजारी येऊन दिवा लावून गेले, तिला पत्ता नव्हता. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती, मान हलवत होती, स्वतःलाच नाही म्हणत होती. अण्णा पटाकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

शेवटी तिनं उंट उचलला.

"हा इथं आला, तर तुमच्या राजाची वाट अडते. म्हणजे... अडेल बहुतेक."

"बघू."

डाव रंगला. खरं सांगायचं तर डाव काही फार थोर नव्हता. तिनं एक सुंदर चाल केली, आणि तिच्या आनंदात पुढची दोन मोहरी घालवली. पण बोलत होती, वाद घालत होती, "थांबा थांबा, हात लावला नाही मी अजून" म्हणून ओरडत होती.

अण्णांनी हत्ती पुढे सारला.

"शह. आणि मात."

त्रिशला पटावर ओणवून बघत राहिली. चुकलं कुठं ते तिचं तिलाच सापडलं.

"हा उंट मागं घ्यायला हवा होता. मी हावरटपणा केला."

"परवा कोण हरलं?" अण्णांनी विचारलं.

ती उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. "परवा... त्या पाठ केलेल्या चाली हरल्या."

"आणि आत्ता?"

"आत्ता?... आत्ता मी हरले, अण्णा." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "मीच हरले."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आलीस होय गं? किती दिवस वाट बघत होतो."