स्वतःला जुळवणारी गिटार

एका शिष्याने एकदा आपल्या वृद्ध गुरूसमोर असे वाद्य आणून ठेवले, जे स्वतःच स्वतःला स्वरात आणत असे.

गुरू म्हणजे वसईकडच्या एका गावातले इनासमास्तर. सारा जन्म त्यांनी मुलांना गिटार शिकवली. आता वयोमानाने बोटांचे सांधे सुजलेले, त्यामुळे खुंट्या पिळून तारा लावणे त्यांना जमत नसे आणि बेसूर वाद्य वाजवणे त्यांना सोसत नसे. म्हणून त्यांनी वाजवणेच सोडले होते. हे कळल्यापासून त्यांचा जुना विद्यार्थी आल्हाद अस्वस्थ होता. तो पेशाने इंजिनियर. अनेक वर्षे खपून त्याने गिटारच्या प्रत्येक खुंटीत एक इवलीशी मोटर बसवली आणि तारांखाली त्यांचे कंपन ओळखणारे यंत्र लावले.

मास्तरांच्या ओसरीवर त्याने सगळ्या तारा सैल सोडल्या आणि त्यांवरून एकदाच हात फिरवला. खुंट्यांवर बारीक दिवे लागले. कोणाचाही हात नसताना खुंट्या हळूहळू फिरू लागल्या. एक वळे, थांबे, जणू कानोसा घेई, आणि पुन्हा केसभर वळे. पाहता पाहता तो सैल, भेसूर गलका विरला आणि सहाही तारा एका निर्मळ स्वरमेळात उभ्या राहिल्या. मास्तरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी वाद्यापुढे हात जोडले.

मग त्यांनी विचारले, की पहिली तार लागल्यावर दिवा विझला होता; तो पुन्हा का लागला?

आल्हाद जरा ओशाळला. ती उणीव आपल्याला काढता आली नाही, असे त्याने सांगितले. या गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात, ती आत स्प्रिंगांवर तोललेली असते. एक तार ताणली, की पट्टी किंचित झुकते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून यंत्राला पुन्हा मागे जावे लागते, कधी कधी अनेकदा. पाहणाऱ्याला ते अडखळणे वाटते, तेव्हा पुढच्या वेळी दिवेच काढून टाकायचा त्याचा विचार होता.

चहा आला. बोलता बोलता आल्हादच्या वाद्यवृंदाचा विषय निघाला. चौघांचा वृंद. त्यात जोएल बेस गिटार वाजवी, म्हणजे जाड तारांचे, खर्जातले वाद्य. तो आल्हादचा बालमित्र. हे यंत्र घडवताना प्रत्येक स्वर त्याच्याच कानांनी पारखलेला. पण आई गेल्यापासून जोएल बदलला होता. सरावाला उशिरा येई, मधेच ठेका सोडी, कोणाशी बोलत नसे. त्यात भर म्हणजे, वृंदात गाणारी मुलगी आणि ढोलवादक हल्ली क्षुल्लक कारणावरून भांडू लागले होते. मुंबईतला एक मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता. जोएलच्या जागी दुसरा वादक घ्यायचे आल्हादने ठरवले होते आणि ते त्याला त्याच संध्याकाळी सांगणार होता.

“वाईट वाटतं मास्तर,” तो म्हणाला, “पण एक तार गेली म्हणून सगळं वाद्य बंद ठेवता येत नाही.”

मास्तरांनी त्याला यंत्र बंद करायला सांगितले. मग गिटार मांडीवर घेऊन ते सर्वांत जाड तारेची खुंटी आपल्या सुजलेल्या बोटांनी उलटी पिळू लागले. वेदनेने त्यांचा चेहरा आक्रसला. आल्हाद मदतीला पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच नकार दिला. इतके सुंदर जुळलेले वाद्य हे का बिघडवताहेत, हे त्याला कळेना. तार पार लोंबू लागली तेव्हा मास्तरांनी गिटार त्याच्या हातात दिली आणि उरलेल्या पाच तारा वाजवायला सांगितल्या.

त्याने वाजवल्या. पाचही चढल्या होत्या. एकही तार आपल्या जागी नव्हती.

“या पाचांना मी हात लावला का?” मास्तरांनी विचारले.

“नाही.”

“त्यांच्यात काही दोष आहे?”

त्या का चढल्या हे आल्हादला ठाऊक होते. मघाशी त्यानेच ते सांगितले होते. पण भांडणाऱ्या त्या दोघांचे चेहरे आता पहिल्यांदाच त्याला निराळे दिसू लागले.

मास्तर सावकाश म्हणाले, “सगळ्यांचा भार एकाच पट्टीवर असतो, बाळा. सर्वांत खालचा स्वर ढळला की बाकीचे नकळत ढळतात, आणि आपण त्यांना स्वभावाचे दोष म्हणतो. तुझ्या यंत्रापुढे मी हात जोडले ते त्याच्या अचूकपणासाठी नाही. ते प्रत्येक तारेचं आधी ऐकतं, मग वळवतं. एकीला सावरताना दुसरी उतरली, तर न रागावता तिच्याकडे परत जातं. इतकी वर्षं मी शिकवलं, पण ही परत जाण्याची तयारी मला एकाही शिष्यात उतरवता आली नाही. तू ती लोखंडात उतरवलीस आणि तिला उणीव म्हणतोस. जोएलचं तू ऐकलंस का?”

आल्हादने ऐकले नव्हते. सांत्वन केले होते, समजावले होते, दोनदा रागावलाही होता.

त्या संध्याकाळी तो जोएलच्या घरी गेला आणि कार्यक्रमाविषयी अवाक्षर न काढता बसून राहिला. बऱ्याच वेळाने जोएल बोलू लागला. अखेरच्या आजारात आईला ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. पण तो शेजारच्या खोलीत बेस वाजवी तेव्हा खाटेच्या लाकडातून ते कंप तिच्या पाठीला जाणवत आणि ती तेवढ्यावर शांत झोपे. ती गेली तेव्हा तो सरावाला होता. त्या दिवशी आल्हादने सगळ्यांना अजून थोडे थांबायला सांगितले होते.

“तुला दोष देत नाही,” जोएल म्हणाला. “पण सराव सुरू झाला की मला वाटतं, आत्ता तिकडे घरी ती वाट बघत असेल.”

आल्हादने मित्राचा हात धरला आणि दोघेही रडले.

मुंबईचा कार्यक्रम त्यांनी सोडला. इतर दोघे नाराज झाले. आल्हाद प्रत्येकाकडे गेला, त्यांचे ऐकून घेतले, पुन्हा गेला. पुढे पावसाळा सरल्यावर सराव जोएलच्याच घरी, आईच्या खोलीला लागून सुरू झाला. पहिल्या दिवशी जोएल बराच वेळ वाद्य नुसते धरून बसला होता. कोणी घाई केली नाही. मग त्याने सर्वांत जाड तार छेडली आणि तो खोल, संथ नाद फरशीतून सगळ्यांच्या तळपायांपर्यंत आला. आल्हाद उठून शेजारच्या खोलीत गेला आणि रिकाम्या खाटेच्या लाकडावर त्याने हात टेकला. लाकूड थरथरत होते. दारातून त्याने गाणाऱ्या मुलीकडे पाहिले. ती डोळे मिटून, आवाज न चढवता, त्या नादावर आपला पहिला स्वर ठेवत होती.

आपल्या घरात माणसे विनाकारण चढ्या आवाजात बोलू लागली, की त्यांना गप्प करण्यापूर्वी, कोण अबोल झाले आहे ते पाहावे.