अर्धी कणगी

न्हाई, मगाशी त्यो एकजण बोलला ते मला पटलं न्हाई. पारावर पाय पसरून म्हणतो, बाहेरचा माणूस गावात आला की आपलं कायतरी घिऊनच जातो, तवा वढ्यावर काटी टाकली ते बरं केलं, वाट बंदच ऱ्हाऊ द्या. आरं, नेतो ते दिसलं तुला, ठेवून जातो ते कुठं दिसलं? जाऊ दे. त्यो इथं न्हाई, पर तुम्ही हाय न्हवं. ल्हान-थोर समदी बसा आन् ऐका.

लई जुन्या काळात, जवा गावांना नावंसुदीक पडली नव्हती, तवा डोंगराखाली भाताचं एक गाव हुतं. त्या गावात तुळाजी नावाचा शेतकरी ऱ्हायचा. रान मोठं, आवाज त्याहून मोठा.

दर साली भात कापून झालं की वरच्या माळावरनं धुळा धनगर मेंढरं घिऊन घाट उतरायचा. मेंढरं तुळाजीच्या मोकळ्या रानात बसायची. धसकटं खायची, रानाला खत द्यायची. त्याबद्दल तुळाजी धुळाला भात द्यायचा. जाताना धुळा त्येच्या दारात एक नवी घोंगडी ठेवायचा. बाप-आज्यापास्नं असंच चाललेलं. कुणी कुणाला कधी इचारलं न्हाई, जास्ती कुणाचं झालं म्हणून.

एका साली तुळाजी खळ्यावर उभा हुता. म्होरनं धुळाचं घोडं भाताची पोती घिऊन चाललं. तुळाजीच्या डोक्यात एकदम किडा वळवळला.

घरात यिऊन म्हणला, "माझ्याच रानात खातो, माझंच भात नेतो, आन् मागं ठेवतो काय? लेंड्या."

त्येची बायको गोजरा भाकरी थापत हुती. ती म्हणली, "अवं, त्याच लेंड्यांचा भात खाऊन एवढा आवाज निघतोय तुमचा."

पर ऐकंल त्यो तुळाजी कसला. म्होरल्या साली धुळा आला तर वढ्याच्या उतारावर ही बोरीची काटी टाकलेली.

काटीच्या पल्याडनं धुळानं इचारलं, "दादा, काय चुकलं का आमचं?"

"फुकट खायची सवय लागलीया तुला."

धुळा बी काय देवमाणूस नव्हता. त्येचं टाळकं फिरलं. "फुकट? माझी मेंढरं सोनं टाकत्यात तुझ्या रानात, आन् तू मापट्यानं भात मोजून देतोस. नगं मला तुझं भात. माझ्याच माळावर बसवीन मेंढरं, माझाच माळ पिकवीन."

खांद्यावर द्यायला आणलेली नवी घोंगडी हुती. ती तशीच घिऊन त्यो माघारी वळला. दोघंबी एका मापाचं येडं, दुसरं काय.

तुळाजी बाजाराला गेला आन् स्वताचीच मेंढरं घिऊन आला. म्हणला, आता खत बी माझं आन् भात बी माझं. आरं, पर भाताचं रान म्हंजी पाण्याचं रान. तिथं पाऊस एकदा लागला की चिखल सुटत न्हाई, आन् मेंढराचं खूर चिखलात कुजतं. म्हणून तर धनगर पावसाच्या आधी वर माळाला निघून जातो. येवढं पोराला बी कळतं. मेंढरं लंगडायला लागली. रोज दोन-चार पडायची. तुळाजी गोठ्यात खूर धूत बसायचा, आन् गोजरा दारातनं म्हणायची, "आता पावसाला बी काटी टाका की वढ्यावर."

उरली ती मेंढरं त्येनं मिळंल त्या भावात दिऊन टाकली. रान पिवळं पडलं. लोंबीत दाणा भरला न्हाई, निस्ती पळंज. लावणीला अंगावर जुनी घोंगडी, तिच्यातनं पाणी पाठीवर उतरायचं. त्येच्या म्होरल्या साली तर आणिक कमी पिकलं. खायचं भात शिमग्यापतोर पुरंल का न्हाई, अशी गत.

घरात एकच कणगी भरल्याली हुती. बियाण्याची. आज्यानं राखलेलं बी हुतं ते. ती फुटली की म्होरल्या साली पेरायला काय न्हाई, आन् मग घरबी न्हाई. गोजरा त्या कणगीला पाठ लावून बसायची.

एक दिस ती म्हणली, "जावा वर. धुळाला बोलवा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं हाकललं त्याच. दुसरं कुठं हाय तुम्हास्नी?"

तिनं भाकरी बांधून दिली. तुळाजी घाट चढून माळावर गेला. वाटभर घोकत हुता, धुळा कसा मजेत आसंल, कसा हसंल आपल्याला.

माळावर बघतो तर काय. लेंड्यांचं ढीगच्या ढीग, आन् भवतीनं गवताची काडी न्हाई. वर पाणी न्हाई, खाली खडक. खत घालून घालणार कशात? मेंढरं निम्मी ऱ्हायलेली, बरगड्या मोजून घ्याव्या अशी. चुलीवर कसला तरी पाला शिजत हुता आन् धुळाची पोरं चुलीकडं टक लावून बसलेली.

धुळा उठला. तीच घोंगडी, काटीपास्नं माघारी नेलेली, झटकली आन् पाव्हण्याला बसायला टाकली.

तुळाजीला ह्यो घाव लई लागला. त्येनं भाकरी सोडून पोरांम्होरं ठेवली. पोरांनी बापाकडं बघितलं, बापानं मान हलवली, आन् भाकरी दिसंनाशी झाली.

मग तुळाजी म्हणला, "माझ्याकडं भात न्हाई."

"माझ्याकडं लेंड्या लई हाईत," धुळा म्हणला.

दोघं एकमेकाकडं बघत बसले. मग धुळाला हसू फुटलं, आन् तुळाजीला हसता हसता डोळ्यात पाणी आलं.

"मला वाटायचं तू नेतोस," त्यो म्हणला. "तू तर ठेवून जात हुतास. चल, मेंढरं घिऊन खाली ये."

"दादा, मला बी वाटायचं मीच देतो. तुमचं भात पोरांच्या अंगावर दिसायचं, तरी मला दिसलं न्हाई." मग धुळा मान खाली घालून म्हणला, "पर आता माणसं घाट उतरायची न्हाईत. पोटात दाणा पायजे आधी."

तुळाजी घरी आला. गोजराला समदं सांगितलं. ती कणगीपाशी गेली, जरा हात ठेवून उभी ऱ्हायली, आन् तिनं कणगी फोडली. बी निम्मं केलं.

म्हणली, "निम्मं वर न्या. निम्मं आपण पेरू. धनगराशिवाय ही सगळी कणगी पेरली तरी पळंजच पिकायची."

तुळाजीनं वढ्यावरची काटी स्वताच्या हातानं वढून काढली. तळहात रक्तानं भरलं, तरी दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. धुळाची माणसं दोन घास खाऊन उभी ऱ्हायली, मेंढरं घाट उतरली आन् त्या रानात बसली. पावसाच्या आधी ती वर गेली, आन् मागं तुळाजीनं निम्मंच बी पेरलं.

त्या साली एकेका रोपाला असं फुटवं आलं की लोंब्यांच्या भारानं भात बांधावर आडवं झालं. निम्म्या बियाण्यात कणगी भरली, वर आणिक उरलं. तवापास्नं तुळाजीच्या खळ्यावर पहिलं माप धनगराचं निघायचं, आन् धुळाच्या मागावरची पहिली घोंगडी तुळाजीच्या दारात यायची. घोंगडी अंगावर घेताना तुळाजी म्हणायचा, "धुळा हाय म्हणून मी हाय." आन् वर माळावर पोरांच्या ताटात भात वाढताना धुळा बी तेच म्हणायचा, तुळाजीचं नाव घिऊन.

जो निस्तं हातातनं गेलेलं मोजतो त्येची कणगी रिकामी ऱ्हाते, आन् जो देत-घेत ऱ्हातो त्येच्यामुळं दोन घरच्या चुली पेटत्यात.

ऐकलं न्हवं? मग बसलायसा काय? उठा, आन् वढ्यावरची काटी काढा.