शिळ्या पाण्याची रांग

सोनवडच्या तळ्याच्या सातच पायऱ्या पाण्याखाली उरल्या होत्या आणि मृग चाळीस दिवसांवर होता. दर तीन दिवसांनी एक पायरी उघडी पडत होती. विहिरींनी तर होळीलाच राम म्हटला होता.

कोतवालांनी दंड लावला, तर लोक आडवाटेने पाणी भरू लागले. पहारा बसवला, तर पहारेकऱ्यांच्याच घरच्या घागरी आधी भरल्या. शेवटी धुंडिराज महाराजांनी सदरेवर कोतवालांना फैलावर घेतले आणि विचारले, हे लोक पाणी पितात तरी किती?

महालात पाणी भरणारी गोजरा तेव्हा महाराजांचे कालचे घंगाळ अंगणात रिकामे करत होती. तिला हसू आवरले नाही.

"दात काढायला काय झालं?" महाराजांनी दरडावले.

"सरकार, तळं कोणी पीत नाही. ओततात."

खरेच होते ते. सोनवडकर भारी सोवळे. उजाडले की घरोघरी रांजण, हंडे, कळश्या पालथ्या व्हायच्या. रात्रभर राहिले म्हणजे पाणी शिळे झाले! मग पुन्हा सगळे ताजे भरायचे. निम्मे तळे असे कोणाच्या ओठाला न लागताच गटारातून वाहून जात होते.

महाराजांना यात वावगे काही दिसेना. शिळ्या पाण्याने कोण शहाणा अंघोळ करतो? पण पाणी भरणाऱ्या बाईने भर सदरेत दात काढले, हे त्यांना झोंबले होते. ते म्हणाले, "एवढं कळतं तर तूच थांबव. सहा दिवसांत एकच पायरी उघडी पडली पाहिजे. दंड नाही, पहारा नाही, आणि पाणी मागणाऱ्या कोणालाही नाही म्हणायचं नाही. जमलं नाही, तर घरच्यांना घेऊन वेशीबाहेर चालती हो."

गोजराच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दोन लहान मुली. या वैशाखात त्यांना घेऊन जायचे कुठे? जिभेला हाड नसते हे तिला ठाऊक होते, पण आता बोलून चुकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घाटावर दोन रांगांसाठी दोन दोर बांधले आणि दवंडी पिटवली. डावीकडे शिळे पाणी, उजवीकडे ताजे. ज्याला जे हवे ते घ्या.

सारे शहर उजवीकडे लोटले. मानाप्रमाणे सर्वांत पुढे महालाचा खिजमतगार दाजी, त्याच्यामागे सराफांच्या उमाकाकू, आणि मग रांग थेट देवळापर्यंत. डावीकडे एक कुत्रे तेवढे झोपले होते.

ऊन तापले तशा उमाकाकू कुरकुरल्या. "अगं, सुरू कर की आता."

"ताजं अजून आलं नाही, काकू."

"कधी यायचंय?"

"मृगाला. तळ्यात आहे ते गेल्या भाद्रपदातलं. तुमच्याकडे एका रात्रीत पाणी शिळं होतं, हे तर आठ महिने पडून आहे. ते ताजं म्हणून तुमच्या घागरीत ओतायचं पाप मी कसं करू?"

उमाकाकूंनी आभाळाकडे पाहिले. ढगाचा मागमूस नव्हता. घशाला कोरड पडली होती आणि घरी पाहुणे जेवायचे होते. शेवटी त्यांनी नाक मुरडत घागर उचलली आणि त्या डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या घरची बाई गेली म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज? दुपारपर्यंत सगळी रांग इकडून तिकडे गेली.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. कोणी सवयीने हंडा कलंडवायला गेली की शेजारीण कुंपणावरून विचारी, "काय हो, शिळं म्हणूनच आणलंत ना काल? मग आज त्याला काय झालं?" हंडा मुकाट्याने जागेवर जाई. तिसऱ्या दिवशी गटारे कोरडी पडली.

उजवीकडे एकटा दाजी उरला. महाराजांना शिळे पाणी नेऊन मान कोण गमावणार? तो रोज संध्याकाळी रिकामी कावड घेऊन परते आणि सांगे, "सरकार, रांगेत पहिला नंबर आपलाच आहे." महाराजांनी तहान ताकावर आणि शहाळ्यांवर भागवली, पण अंघोळीचे काय? नुसते अत्तर चोपडून दिवस निघू लागले. तिसऱ्या दिवशी प्रधानजी दारातूनच मसलत करू लागले. पाचव्या दिवशी राणीसाहेबांना अचानक माहेरची आठवण झाली.

सहाव्या दिवशी महाराज तणतणत घाटावर आले. पायऱ्या मोजल्या. एकच उघडी पडली होती. गोजराने सुटकेचा श्वास सोडला, पण महाराज गरजले, "पायरीचं राहू दे! कोणाला नाही म्हणायचं नाही, ही अट होती. आम्हाला सहा दिवस थेंब नाही. हार तुझी."

गोजराच्या डोळ्यांपुढे सासूचे अंथरूण आले. तरी तिने मान वर केली.

"मी नाही कधी म्हटलं, सरकार? ताजं हवं तर ढग आला की पहिली घागर आपलीच. आणि हे चालत असेल, तर डावीकडे या, आत्ता भरून देते."

"आम्ही शिळ्या पाण्यानं न्हायचं?"

"आठ महिने त्यानंच न्हाताय, सरकार. रोज आदल्या दिवशीचं मी ओतायची आणि त्याच तळ्यातलं आणून पुन्हा भरायची. त्यात ताजी होती ती फक्त माझी पाठदुखी."

महाराजांनी तळ्याकडे पाहिले, ताटकळलेल्या दाजीकडे पाहिले, आणि मग त्यांचे पोट हलू लागले. हसता हसता ते डावीकडे वळले आणि उमाकाकूंच्या मागे जाऊन उभे राहिले.

"जिंकलीस, बाई. आजपासून या तळ्याची मुखत्यारी तुझी. आणि हा घे आमच्या गळ्यातला मोत्यांचा कंठा." असे म्हणून ते कंठा काढत पुढे सरसावले.

गोजरा पदर नाकाला लावून चार पावले मागे सरली.

"मुखत्यारी आत्ता घेते, सरकार. कंठा मात्र आपली अंघोळ झाल्यावर द्या."

महाराज इतके हसले, की त्यांच्या हातातला कंठा तळ्यात पडता पडता राहिला.