आंबिलीवरचा काढा

नाचणी कापायचे दिवस होते. डोंगरावर ऊन कोवळं होतं, पण वारा अंगाला चावत होता. गोष्ट फार जुनी. राज्य एका राणीचं होतं. दर पौर्णिमेला राजधानीची औषधगाडी गावोगाव पोचायची. राणीच्या आजेसासऱ्यांनी घातलेला तो पायंडा. गादीवर माणसं बदलली, गाडी कधी चुकली नाही. काय दिवस होते ते!

डोंगरातल्या एका गावात म्हातारे वैद्यबुवा होते. त्या साली तापाची साथ आली. गाडीबरोबर तापावरचा काढा आला आणि हुकूमही, काढा दोन वेळा, जेवणानंतर.

बुवांनी हुकूम वाचून दाखवला, गावानं मान डोलावली. पण आठ दिवस झाले तरी ताप हटेना. शेजारच्या ठकूबाईची सून तर उठून बसेना.

"ठकूबाई, काढा दोनदा देतेस ना?" बुवांनी विचारलं.

"दोनदा कुठनं? नाचणी कापायच्या दिवसांत आम्ही जेवतो एकदाच, दिवेलागणीला. सकाळी नुसती आंबील. तिला कोण जेवण म्हणतं? बुवा, तुम्ही याच गावचे ना?"

बुवा ओशाळले. सारा जन्म याच डोंगरात गेला, आणि आपण कागद वाचत बसलो! त्यांनी लगेच घरोघर सांगितलं, "एक काढा आंबिलीवर, दुसरा जेवणावर."

सून उठून बसू लागली. तेवढ्यात राणीचा तपासनीस आला. सकाळी आंबिलीवर काढा घेताना त्यानं गावाला पाहिलं.

"हुकुमात आंबील कुठाय? पुढची गाडी बंद!"

पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि काढाही चार दिवसांचाच उरला होता. गाडी चुकली तर सून जगणार नव्हती. बुवांनी काठी घेतली आणि दोन दिवस चालत राजधानी गाठली.

राणीनं विचारलं, "औषधाचं माप बदललंत?"

"नाही, बाईसाहेब. माप तुमचंच. वेळ तेवढी आमच्या गावाची."

राणीनं हुकुमाचा कागद मागवला. मग तपासनीसाला म्हणाली, "गाडी ठरल्या दिवशीच जाईल. आणि हुकुमात लिहा, वेळ ज्या त्या गावानं ठरवावी."

मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी काढा होड्या परतल्यावर घेतला, धनगरांनी मेंढरं सोडण्याआधी. राज्यातला ताप ओसरला. त्यापुढच्या पौर्णिमेला ठकूबाईची सून आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेली.

तिच्याकडे बघत ठकूबाई बुवांना म्हणाली, "वरचा कारभार ठाम असावा, अन् खालच्या माणसाला आपल्या गावापुरतं वळायची मोकळीक असावी. दोन्ही असलं, तरच राज्य धडधाकट राहतं, बुवा."